फीबी : मंडळीच्या एका सेविकेचे नाव

पठनाचा शास्त्रभाग : रोमकरांस पत्र १६:१-१६

रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय उपासनेत वाचावयास घेतला म्हणजे पुष्कळ मंडळ्यांत एक प्रकारची घाई दिसून येते. पंधरा अध्याय मोठ्या आदराने वाचणारा वाचकही येथे पोहोचला की, तलाठ्याच्या दप्तरातील नावे वाचावी त्याप्रमाणे भरभर वाचून मोकळा होतो. नावे परकी, उच्चारण्यास कठीण, आणि त्या माणसांशी आपले काय नाते, असे त्यास वाटत असावे. आम्हांस मात्र असे वाटते की, आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढे जो एक प्रश्न वारंवार उभा राहतो त्याचे उत्तर याच यादीत, आणि तेही तिच्या पहिल्याच नावात, सापडते. ते नाव फीबी.

फीबीविषयी शास्त्रात केवळ दोन वचने आहेत. ती किंख्रियातील मंडळीची सेविका होती, तिने पुष्कळांस व स्वतः पौलासही साहाय्य केले होते, आणि ती रोमेस येईल तेव्हा पवित्र जनांना शोभेल अशा रीतीने तिचा स्वीकार करून तिला लागेल ती मदत द्यावी, एवढेच पौल लिहितो. तिचा बाप कोण, नवरा कोण, कूळ कोणते, हे सांगण्याची त्यास गरज वाटली नाही. आमच्याकडे बाईची ओळख अमक्याची लेक किंवा तमक्याची मालकीण अशी करून देतात. येथे तिची ओळख मंडळीवरून व तिच्या कामावरून करून दिली आहे. ‘आपली बहीण’ हे एकच नाते पौल सांगतो.

किंख्रिया हे करिंथ नगराचे पूर्वेकडील बंदर. ते नगरापासून सुमारे तीन कोसांवर होते, आणि आसिया व सूरिया प्रांतांकडून येणारी गलबते तेथे लागत. पौल करिंथात दीड वर्ष राहिला व तेथून निघताना याच बंदरात त्याने नवसामुळे आपले केस कातरले, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आपण वाचतोच. दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासी पौसानियस याने या बंदराचे वर्णन लिहून ठेविले आहे. त्यात आफ्रोदीती देवीचे देऊळ, समुद्रदेव पोसायदोन याची पितळी मूर्ती, आणि अस्क्लेपियस व मिसरी देवी इसिस यांची देवळे, असे सर्व आले आहे. खुद्द करिंथात अपोल्लो देवाचे जुने देऊळ होते. त्याचे सात दगडी खांब आजही उभे आहेत. अशा ठिकाणी, देवळांच्या सावलीत, ती लहानशी मंडळी होती.

आता नावाकडे वळू. फीबी हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ तेजस्वी, उज्ज्वल, निर्मळ असा होतो. परंतु तो नुसता गुणवाचक शब्द नव्हे. ग्रीक लोकांच्या पुराणांत फीबी ही आकाश व पृथ्वी यांची कन्या, एक प्राचीन देवी आहे. तिची मुलगी लेतो, आणि लेतोची मुले अपोल्लो व अर्तमी. म्हणजे इफिसात जिच्या नावाने दंगा झाला त्या अर्तमीची ही आजी. देल्फी येथील देववाणीचे स्थान पूर्वी हिचे होते व तिने ते आपला नातू अपोल्लो यास दिले, अशी कथा ते सांगत. अपोल्लोस त्यामुळे फीबस असेही म्हणत. पुढे रोमी कवींनी चंद्रदेवतेस फीबी म्हटले. करिंथातील कोणीही मनुष्य हे नाव ऐकताच त्याच्या मनापुढे देऊळ व देवता उभी राहत असे, याविषयी शंका नको.

असे असता पौलाने तिचे नाव बदलले नाही.

ही गोष्ट लहान वाटेल, परंतु पौल कोण होता हे ध्यानात घ्यावे. मूर्तीपासून दूर पळा म्हणून करिंथकरांस ज्याने कळकळीने बजाविले, देवाच्या मेजाचे व भुतांच्या मेजाचे भागीदार एकाच वेळी होता येत नाही असे ज्याने सांगितले, तोच हा पौल. मूर्तीच्या बाबतीत तो ढिला नव्हता. तरी त्याने आपल्या सर्वांत मोठ्या पत्राच्या शेवटी एका देवीचे नाव धारण करणाऱ्या बाईस बहीण म्हटले, आणि रोमेच्या मंडळीपुढे ते नाव जसेच्या तसे ठेविले. याच अध्यायात पुढे हर्मेस येतो. हर्मेस हा त्यांचा देवदूत-देव. निरिय येतो, ते समुद्रातील एका म्हाताऱ्या देवाचे नाव. फिलिप्पैची मंडळी ज्यास पौलाकडे पाठविते त्या एपफ्रदीताच्या नावात आफ्रोदीती देवी बसली आहे. अपुल्लोच्या नावात अपोल्लो आहे. जुन्या करारातही पाहा : एस्तेरचा चुलतभाऊ मर्दखय याच्या नावात बाबेलचा देव मरोदख स्पष्ट ऐकू येतो, तरी यहूदी लोकांस त्या नावाची कधी लाज वाटली नाही.

येथे कोणी म्हणेल, शौलाचा पौल झाला ना? ही समजूत आमच्या मंडळ्यांत फार पसरली आहे, व कित्येक उपदेशांतही ती ऐकू येते. पण कृत्यांचे पुस्तक लक्षपूर्वक वाचावे. दिमिष्कात हनन्याच्या हातून त्याचा बाप्तिस्मा नवव्या अध्यायात झाला. त्यानंतर तेराव्या अध्यायापर्यंत लूक त्यास शौलच म्हणतो. कुप्र बेटात रोमी सुभेदारापुढे तो उभा राहतो तेव्हा लूक सहज सांगून जातो की, या शौलास पौल असेही म्हणत. त्यास दोन नावे होती. एक इब्री, एक रोमी. बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्याचे नाव धुतले गेले नाही. अब्रामाचा अब्राहाम झाला, याकोबाचा इस्राएल झाला, शिमोनास पेत्र म्हटले, हे खरे. परंतु ती नावे देवाने स्वतः एकेका विशेष वचनाबरोबर दिली. प्रत्येक विश्वासणाऱ्यासाठी तो नियम कोठेही घातलेला नाही.

आमच्या कित्येक उपदेशक बंधूंपुढे हा प्रश्न नित्य येतो. बाप्तिस्म्याची तयारी झालेली असते, परीक्षा झालेली असते, आणि नोंदवहीत नाव लिहिण्याची वेळ येताच कोणी वडील म्हणतो, “हे नाव चालावयाचे नाही, दुसरे द्या.” बाईचे नाव अंबू, यमुना, भागीरथी, लक्ष्मी असे काही असते. कोणी सुचवितो मार्था, कोणी सुचवितो रूथ. बाई मान खाली घालून उभी राहते. ते नाव तिच्या आईने दिलेले असते. आई कदाचित वारलेली असते. आधीच भाऊबंद दुरावलेले, विहिरीवर बोलणे तुटलेले, आणि आता हाक मारावयाचे नावही काढून घेतले, तर तिच्याजवळ पूर्वीचे राहते तरी काय? शिवाय गावातील लोक म्हणावयास मोकळे होतात की, पाहा, ही परकी झाली. उलट, नाव तसेच ठेविले तर मंडळीतीलच कोणी कुजबुजतो की, हिने जुने अजून सोडले नाही. दोन्हीकडून ती बिचारी सापडते.

अशा प्रसंगी फीबीचे नाव काढावे.

बाप्तिस्म्याच्या वेळी मनुष्यावर जे नाव ठेविले जाते ते मार्था नव्हे व रूथही नव्हे. प्रभूने मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात जी आज्ञा दिली तिच्यात एकच नाव आहे : पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे. त्या नावात आपला बाप्तिस्मा होतो. हे नाव आपण निवडीत नाही व ते कोणास बदलताही येत नाही. ते एकदा ठेविले गेले म्हणजे मग खालच्या ओळीत लक्ष्मी लिहिले आहे की लीदिया, याने त्यात भर पडत नाही व उणेही होत नाही. पाळकाने पाणी घातले आणि नाव मात्र बदलले नाही, म्हणून बाप्तिस्मा अर्धा राहिला, असे ज्यांस वाटते त्यांनी आपला भरवसा नकळत दुसऱ्याच ठिकाणी ठेविला आहे.

तथापि या अध्यायात दुसऱ्या प्रकारची नावेही आहेत, व त्यांविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. रोमी राज्यात गुलामास नाव धनी देत असे. बाजारात विकत घेतलेल्या मनुष्याच्या आईबापांनी त्यास काय म्हटले होते हे कोण विचारतो? त्याच्या देशावरून, रूपावरून, किंवा नुसत्या अनुक्रमावरून त्यास हाक मारीत. पर्सिस म्हणजे पारस देशाची बाई. हे पत्र पौलाच्या सांगण्यावरून ज्याने लिहिले तो तर्तिय. त्याच्या नावाचा अर्थ तिसरा. त्याच्या मागोमाग क्वर्त येतो. त्याचा अर्थ चौथा. अनेसिम म्हणजे उपयोगी, जसे बैलास किंवा अवजारास म्हणावे तसे. फीबी हे नावही दासींस व बंधमुक्त बायांस पुष्कळ देत असत; औगुस्त कैसराची कन्या युलिया हिने मुक्त केलेली एक दासी याच नावाची होती, असे रोमी चरित्रकार सुएतोनियस लिहितो.

हे वाचताना आमच्या लोकांस आपल्या घरातील नावे आठवल्यावाचून राहणार नाहीत. मूल जगत नाही म्हणून दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू अशी नावे आमच्या आज्यापणज्यांनी ठेविली. मृत्यूची दृष्ट लागू नये म्हणून मुलास कचरा म्हटले. त्यात प्रीती होती हे खरे, पण भय अधिक होते. आणि जेथे वरच्या लोकांनी आमच्या वडिलांचे चांगले नावही तोडून मोडून ‘अरे धोंड्या’ असे केले, तेथे तर प्रीतीही नव्हती. असे नाव कोणास टाकावेसे वाटले व त्याने नवे मागितले, तर ते आनंदाने द्यावे. आम्ही नाव बदलण्याच्या विरुद्ध नाही; ते दुसऱ्याने बदलण्याच्या विरुद्ध आहो.

पण पौल त्या नावांचे काय करतो हेही पाहावे. अनेसिमाविषयी फिलेमोनास लिहिताना तो त्या नावावरच थोडा विनोद करतो : पूर्वी हा निरुपयोगी होता, आता तुला व मला उपयोगी झाला आहे. आणि मग तो त्यास आपले बाळ म्हणतो, प्रिय बंधू म्हणतो. नाव धन्याने दिलेलेच राहिले. त्या नावाच्या आत जो मनुष्य होता तो बदलला. त्रुफैना व त्रुफासा या दोन बायांच्या नावांचा अर्थ नाजूक, सुखात वाढलेली असा आहे, आणि त्यांच्याविषयी पौल लिहितो की त्या प्रभूमध्ये श्रम करतात. हे लिहिताना तो किंचित हसला असावा असे आम्हांस वाटते.

फीबीच्या नावावर मात्र त्याने असा काहीच अर्थ बसविला नाही. फीबी म्हणजे प्रकाश, म्हणून तिने रोमेस प्रकाश नेला, अशी जुळवाजुळव कित्येक उपदेशांत होते. ऐकावयास ती गोड लागते, परंतु पौलाने ती केलेली नाही आणि आपणही न केलेली बरी. त्याने तिच्या नावाचा अर्थ सांगितला नाही. तिने काय केले ते सांगितले.

तिने काय केले? दोन शब्द आहेत. पहिला आमच्या मराठी शास्त्रात ‘सेविका’ असा येतो. मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस. हाच शब्द पौल स्वतःविषयी व अपुल्लोविषयी करिंथकरांस लिहितो, आणि याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो खुद्द ख्रिस्ताविषयी योजतो. तेव्हा सेविका म्हणजे देऊळ झाडणारी बाई एवढाच अर्थ कोणी करू नये. झाडणे हेही प्रभूचे काम आहे, पण येथे शब्द मोठा आहे. दुसरा शब्द साहाय्य करणारी, मूळ प्रोस्तातिस. परक्या गावी आलेल्या मनुष्यास आश्रय देणारी, त्याच्यासाठी अधिकाऱ्यांपुढे उभी राहणारी, त्याची पाठराखण करणारी, असा त्याचा भाव आहे. करिंथात १९५४ साली पहिल्या शतकातील एक शिलालेख सापडला. त्यात युनिया थेओदोरा नावाच्या एका बाईने लुकिया प्रांताच्या लोकांस घरी उतरवून घेतले व त्यांची बाजू राखली म्हणून त्यांनी तिचा गौरव केला आहे, आणि तेथेही याच शब्दाच्या कुळातील शब्द आहे. बंदराच्या गावात अशा घराचे मोल किती असेल हे सांगावयास नको. गलबतातून उतरलेला थकलेला उपदेशक, आजारी प्रवासी, धन्यापासून छळ सोसणारा विश्वासी, यांस दार उघडून देणारे घर म्हणजे फीबीचे.

आणि एक काम. त्या काळी टपाल होते ते कैसराच्या सरकारी कामापुरते. इतरांनी आपले पत्र जाणाऱ्यायेणाऱ्याच्या हाती द्यावयाचे. पत्रात ज्याची शिफारस असते तो बहुधा ते घेऊन येणारा असतो, हा त्या वेळचा रिवाज पाहून बहुतेक विद्वान असे मानतात की इसवी सन ५७ च्या सुमारास लिहिलेले हे पत्र फीबीनेच रोमेस पोहोचविले. ज्या पत्राने पुढे आगस्तीनाचे व लूथराचे अंतःकरण हलविले ते एका बाईच्या गाठोड्यातून समुद्रापार गेले. आपली बाई साक्षर नाही, तिला काय कळते, असे म्हणून तिला सभेत मागे बसविणाऱ्या आमच्या काही वडिलांनी याचा विचार करावा.

फीबीनंतरही मंडळीने जुनी नावे पुष्कळ काळ ठेविली. इसवी सन २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरात पेर्पेतुआ या कुलीन तरुणीबरोबर फेलिकितास नावाची एक दासी ख्रिस्तासाठी मारली गेली. फेलिकितास म्हणजे सौभाग्य, सुदैव. रोमेत या नावाच्या देवीचे देऊळ होते. तुरुंगात तिला प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या, तेव्हा एका पहारेकऱ्याने हिणवून विचारले की, आताच एवढी ओरडतेस, मग श्वापदांपुढे काय करशील? तिने उत्तर दिले की, आता मी सोसते ते माझे मी सोसते. तेव्हा दुसरा कोणी माझ्यामध्ये राहून माझ्यासाठी सोसील. तिची तान्ही मुलगी मंडळीतील एका बहिणीने आपली म्हणून वाढविली. मंडळी त्या दासीस आजवर त्याच नावाने आठविते.

दुसऱ्या बाजूचाही दाखला देणे न्याय्य आहे. चौथ्या शतकाच्या आरंभीच्या छळात कैसरियात पाच मिसरी विश्वासी सुभेदारापुढे आणले गेले. त्यांच्या आईबापांनी त्यांस मूर्तींची नावे दिली होती, म्हणून त्यांनी ती टाकून एलीया, यिर्मया, यशया, शमुवेल व दानीएल अशी संदेष्ट्यांची नावे घेतली होती, असे युसेबियस सांगतो. तुमचा गाव कोणता, असे विचारता त्यांच्या पुढाऱ्याने उत्तर दिले, यरुशलेम. त्याच्या मनात स्वर्गातील नगर होते. सुभेदार मात्र ख्रिस्ती लोकांनी कोठे नवे शहर वसविले आहे की काय, या शोधात त्यांस यातना देत राहिला. त्यांनी नावे बदलली ती स्वतःच्या इच्छेने, आणि त्या नावांसाठी रक्त दिले. त्याच्या अर्ध्या शतकापूर्वी आलेक्सांद्रियाचा अध्यक्ष दियोनुसियस याने लिहून ठेविले होते की, विश्वासणारे आपल्या मुलांस प्रेमाने पौल व पेत्र अशी नावे पुष्कळ देतात. गंमत अशी की, हे लिहिणाऱ्या अध्यक्षाच्या स्वतःच्या नावात ग्रीक लोकांचा मद्याचा देव दियोनुसस बसला होता, आणि त्याने ते मरेपर्यंत तसेच ठेविले.

महाराष्ट्रातील आमच्या मंडळीनेही दोन्ही वाटा पाहिल्या आहेत. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले व बाबा पदमनजीच राहिले. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. नारायण हे नाव सुटले नाही. पंडिता रमाबाईंस १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्म्याच्या वेळी मेरी हे नाव जोडले गेले, तरी मुक्तिसदनातील सहस्रावधी मुलींस त्या रमाबाई म्हणूनच ठाऊक होत्या. आणि रमा हे लक्ष्मीचेच दुसरे नाव आहे. लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका. आमच्या देशरिवाजाप्रमाणे लग्नात सासरच्यांनी ते बदलून लक्ष्मी केले. त्यांस कोणी विचारले नसेल. पुढे १९०० साली त्या स्वतःच्या मनाने ख्रिस्ताकडे आल्या, तेव्हा मात्र नाव बदलले नाही. लग्नाने जे केले ते बाप्तिस्म्याने केले नाही.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती अशी : उमेदवारास एकांतात, कोणाचा दाब नसताना विचारावे. तो म्हणेल तेच नाव नोंदवहीत शुद्ध लिहावे, तोडून मोडून लिहू नये. बाईस विचारावयाचे ते तिच्या नवऱ्यास विचारू नये. शाळेच्या दाखल्यावर व शिधापत्रिकेवर एक नाव आणि मंडळीत दुसरे, यामुळे पुढे मुलांस कचेऱ्यांत किती हेलपाटे पडतात तेही आधी समजावून सांगावे. मुलांस शास्त्रातील नाव ठेवावयाचे तर त्या नावाच्या मनुष्याची गोष्ट घरी सांगितली जाईल असे पाहावे. आपले नाव शमुवेल का, हे ज्यास ठाऊक नाही असा शमुवेल आम्ही पाहिला आहे.

फीबी रोमेस पोहोचल्यावर तिचे पुढे काय झाले, हे शास्त्रात लिहिलेले नाही. परंतु १९०३ साली यरुशलेमेजवळ जैतुनांच्या डोंगरावर एक भंगलेला थडग्याचा दगड सापडला. तो चौथ्या शतकाच्या सुमाराचा समजतात. त्यावर ग्रीक अक्षरांत सोफिया नावाच्या एका बाईविषयी लिहिले आहे. ती मार्च महिन्याच्या २१ तारखेस शांतीने निजली. सोफिया या नावाचा अर्थ ज्ञान. तिच्या मंडळीने त्या अर्थाविषयी दगडावर काही लिहिले नाही. तिला ख्रिस्ताची दासी म्हटले, वधू म्हटले, सेविका म्हटले, आणि पुढे दोन शब्द कोरले : दुसरी फीबी.